थुईचे नेम

वास? नाही हो मेधा, आता नाही येत. दीड वर्ष रिकामा पडलाय तो फ्लॅट. तुमचा एजंट किल्ली घेऊन येईपर्यंत बसा इथेच — बाहेर कॉरिडॉरमध्ये उकडतं फार. तर आधी तिथं कोण राहायचं, हेच विचारलंत ना? थुई. व्हिएतनामची. नवरा इथला, टॅक्सी चालवायचा, तो गेला सोडून. मग ही घरीच नेम करून विकायला लागली. नेम म्हणजे — डुकराचं कच्चं मांस, लसूण-मिरची घालून, केळीच्या पानात घट्ट बांधून तीन दिवस आंबवायचं. शिजवायचं नाहीच. तिच्या गावाकडं सगळ्या सणासमारंभांत असतंच म्हणे. रविवारी इथल्या व्हिएतनामी मुली लांबून लांबून यायच्या, पार शहराच्या दुसऱ्या टोकाहून, क्वीन्सटाउनहून. एक मुलगी तर नुसतं पान सोडून वास घेऊन रडत उभी होती — मी पाहिलंय.

आमचे शिरीष सगळं खातात. सोळा सालच्या जानेवारीत, एका शुक्रवारी संध्याकाळी तिनं दिलेली दोन नेम खाल्ली त्यांनी. शनिवारी सकाळी अकराला उलट्या सुरू, त्या थांबेचनात — अॅम्ब्युलन्स बोलवावी लागली. डॉक्टरांनी विचारलं, चोवीस तासांत काय काय खाल्लं? शिरीष ग्लानीत. मी सांगितलं, नेम. कच्चं डुक्कर म्हटल्यावर पुढं कोण विचारतंय? आणि तिथूनच, हॉस्पिटलच्या बाकावरूनच, सरकारी अन्न खात्याच्या तक्रारीच्या नंबरवर फोन केला मी. नियम पाठच आहेत ना मला — पाया लेबारच्या सेंटरात हॉकर लोकांना, म्हणजे खाण्याच्या स्टॉलवाल्यांना, अन्न स्वच्छतेचे धडे देते मी, अकरा वर्षं झाली. व्हिएतनामचं डुक्कर इथं आणायला परवानगीच नाही, आणि हिचा भाऊ बॅगेतून आणायचा. मग चूक कुणाची? तिचीच. हो ना?

सोमवारी माणसं आली. फ्रीज रिकामा केला, पिशव्यांना चिठ्ठ्या लावल्या. ही दारात उभी, हाताला लसूण तसाच. आणि त्याच संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये आली हो — डब्यात तांदळाची पेज घेऊन. “सिस्टर, शिरीष ओके?” म्हणाली. मग हळूच म्हणाली, “समबडी कॉम्प्लेन लाह. हू, सिस्टर?” मी म्हटलं, आय डोन्ट नो. डबा घेतला. शिरीषनी संपवली सगळी पेज.

तिला दंड झाला. पुढं इथं राहायचा पासही वाढवून मिळाला नाही — त्यामुळे, की नवरा सोडून गेला म्हणून, मला नाही माहीत. मी विचारलं नाही. दोन बॅगा घेऊन गेली. मी ऑफिसला होते. म्हणजे — रजा होती माझी, पण गेले होते.

नंतर मला पत्र आलं, तक्रार माझी ना. नेममध्ये अपायकारक काही सापडलं नाही, मांस मात्र बेकायदा. शिरीषनी वाचलं ते. घडी घातली आणि विचारलं, “सकाळचा फोडणीचा भात सांगितला होतास डॉक्टरांना?”

आदल्या रात्रीचा भात होता. ओट्यावरच राहिला होता रात्रभर, ह्या उकाड्यात. सकाळी हाताला जरा चिकट लागला — मोहरी जास्त घातली मी. दर बॅचला पहिल्या तासाला हेच शिकवते मी, शिजलेला भात बाहेर ठेवू नका. हॉस्पिटलमध्ये ठाऊक होतं मला. फोन लावतानाही ठाऊक होतं. पण भात म्हटलं असतं तर — अकरा वर्षं हो, मेधा.

सांगितला होता म्हटलं त्यांना. ते तेव्हापासून खालच्या हॉकर सेंटरमध्ये जेवतात. मी एकटीपुरतं करते, उरतच नाही काही. वाईट वाटतं का? वाटायला हवं. मी वाट बघते त्याची.

असं काय बघताय? तुम्ही विचारलंत म्हणून — लिफ्ट वाजली बघा, एजंट आला तुमचा. घ्या फ्लॅट, हवा चांगली खेळते. आणि हे कधी भेटले लिफ्टमध्ये, तर — नको, काही नाही. जा तुम्ही. दार ओढून घ्या.