वकीलसाहेब, फासा टाका!

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय सदाशिवराव, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते आपल्या वाचनालयाचे मावळते अध्यक्ष वकीलसाहेब मधुसूदनराव, व्यासपीठावरील कार्यकारिणीची मंडळी, नेरमधून आणि आसपासच्या गावांतून आलेले वाचक, आणि शेवटच्या रांगेत एकमेकांना कोपरानं ढोसत बसलेली माझी रविवारची पोरं-पोरी, सर्वांना या संस्थेच्या सचिव शोभाचा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मघाशी कानात सांगितलं, "ताई, थोडक्यात आणि गोड बोला." थोडक्यात बोलते. गोडाचं जेवणात पाहून घेऊ.

साहेबांनी इमारत बांधली, अभ्यासिका उघडली, हे सगळ्यांनी सांगितलं आणि ते खरंच आहे. पण त्यांनी आपल्याला आणखी एक गोष्ट दिली. तिचं नाव सकाळपासून एकाच्याही तोंडून निघालं नाही. कसं निघेल? मी काढते. रविवारचा खेळ!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. साहेबांनी तो पुण्याहून, लेकाकडून शिकून आणला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एका भयकथेतलं एकेक पात्र व्हायचं आणि बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची. आमच्या गोष्टीत धुक्यातली एक गढी होती आणि त्या गढीचा सरदार होते आपले वकीलसाहेब. काय सरदार रंगवला होता हो! माझ्यासारख्या रिटायर मास्तरणीच्या अंगावर काटा यायचा.

या खेळाचा मुख्य नियम साहेबांनीच बसवला होता. तुमच्या पात्रानं वाईट काम केलं, तर "मी केलं" म्हणायचं आणि गप्प बसायचं. मग काही होत नाही. पण "मी केलं, कारण..." असं तोंडून निघालं, की सगळ्यांनी ओरडायचं, "फासा!" ज्याचं पात्र, त्यानंच फासा टाकायचा. दान वाईट पडलं, की त्या पात्रातलं माणूसपण थोडं जायचं आणि त्या बदल्यात एक ताकद मिळायची.

सरदार सुरुवातीला भला माणूस होता. साथ आली, गावकरी आसरा मागत आले, आणि यानं गढीचा दरवाजा लावला. "कारण आत माझी लेकरं आहेत." फासा! त्याची सावली गेली, पण अंधारात तो कुणाला दिसेनासा झाला. पुढे दरवाजा लावल्याचा आळ त्यानं पहारेकऱ्यावर घातला. "कारण गढीची इज्जत." फासा! त्याचा चेहरा दगडाचा झाला. हसू नाही, लाज नाही. त्या बदल्यात त्याचं खोटं सगळ्यांना पटू लागलं. तेव्हा साहेब मला म्हणाले होते, "शोभाताई, याला कुणी शाप दिलेला नाही. हा स्वतःची समजूत घालत घालत राक्षस झाला." मी घरी जाऊन ते वाक्य माझ्या सुनेलासुद्धा ऐकवलं. एवढं आवडलं होतं मला.

आता दिवाळीनंतर काय घडलं ते ऐका. नाही सदाशिवराव, घड्याळ दाखवू नका, मी थांबणार नाही.

आमच्या खेळात ममता होती. जवळच्या खेड्यातून एसटीनं येते, तलाठी भरतीचा अभ्यास करते, हात चित्रकलेचा. तिनं बिनसावलीच्या सरदाराचं चित्र काढलं आणि आम्ही ते फळ्यावर लावलं. कुण्या पालकानं पाहिलं आणि झालं! वाचनालयात भुतं बोलावतात म्हणून गावभर बोंब उठली. मी तेव्हा बहिणीकडे राळेगावला होते. इकडे कार्यकारिणीची बैठक बसली. हा नाद इथे कुणी आणला, असं विचारलं गेलं. आणि खेळ आणणारा माणूस, नियम बसवणारा माणूस, सरदार स्वतः, शांतपणे म्हणाला, "चित्रं ती मुलगी काढते."

सगळ्यांना पटलं. ममताचं सदस्यत्व रद्द!

मी परतले तर पोरगी बसस्टँडच्या बाकावर पुस्तक घेऊन बसलेली. मला म्हणाली, "काकू, मले काहून काढलं जी? मी त फक्त चित्र काढलं होतं. आता गावातल्या बाया मले पाहून लेकरं बाजूले घेतात. माय म्हनते, नेरले जाऊच नको."

तशीच साहेबांच्या घरी गेले. यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, कारण संस्थेची बदनामी झाली असती. कारण माझा निरोप तोंडावर आलाय." चेहऱ्यावरची रेघ हलली नाही हो! मला तिथेच रडू आलं, आणि रडू आलं याचाच जास्त राग आला.

साहेब, आज तुम्हाला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, मानपत्रात "निष्कलंक" असा शब्दही छापला गेला. ममता बाहेर पायऱ्यांवर उभी आहे. सदस्य नाही ना, आत कशी येणार? हा माइक घ्या. खेळ मी आणला, नाव तिचं पुढे केलं, हे मी केलं, एवढंच म्हणा. नव्या अध्यक्षांनी तिचं कार्ड परत द्यावं, आणि तिच्या मायला जाऊन सांगावं की पोरीचा काही दोष नव्हता.

उठताय? बोला ना. काय म्हणालात? "ताई, तुम्ही समजून घ्या, कारण त्या वेळी..."

ऐकलंत? मागची रांग एका आवाजात काय ओरडली ते ऐकलंत, साहेब? तुम्हीच शिकवलंय त्यांना.

हा घ्या, तोच फासा आहे. तुमच्या नारळाशेजारी ताटात ठेवते. दुसऱ्यासाठी फासा टाकायचा नाही, हाही तुमचाच नियम, म्हणून मी हात लावणार नाही. ताट घेऊन पायऱ्यांवरूनच घरी जायचंय तुम्हाला. ती तिथेच उभी असेल.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आयोजकांनी माइक बंद केला नाही, सगळ्यांचे मनापासून आभार. शुभप्रसंगी माझ्या बोलण्यानं कुणाचं मन दुखावलं असेल, तर क्षमा असावी. हे मी बोलले.

कारण विचारू नका, मी देणार नाही.