हातांवर बसलेली मुलगी

मुलीला आत घेऊन थेरपीच्या खोलीचं दार मिटलं आणि बाकावरच्या नवराबायकोचं तोंड उघडलं. शेजारी, दुसऱ्या खोलीतल्या नातवाची वाट पाहत, निवृत्त मास्तरीणबाई बसल्या होत्या. तीस वर्षं वर्गाला ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ सांगितलं होतं. आता त्यांचीच घडी सुटत नसे. कान मात्र काही मिटता येत नाहीत.

“चांदण्यांचा तक्ता तू काढलास?” नवऱ्यानं विचारलं.

“फाडला.”

“वर्षाची मेहनत होती. तासभर हातांवर बसून राहिली, हात हलले नाहीत की एक चांदणी. शाळेनंसुद्धा कौतुक केलं.”

“या थेरपीच्या ताई म्हणतात, हात फडफडवले की तिला बरं वाटतं. ते मोडायचं कारणच नाही.”

“ताईंचं काय जातं? चारचौघांत बरं दिसतं का ते?”

“आणि तिचा तुटलेला दात? तो बरा दिसतो?”

“त्याचा काय संबंध? पायरीवरून पडली ती.”

“तोंडावर पडली. पडताना हात पुढे केले नाहीत तिनं, मांड्यांना चिकटवून ठेवले. मी रक्त पुसतेय आणि ही विचारते, आई, आता चांदणी मिळेल ना?”

“हे मला कधी सांगितलं नाहीस.”

“सांगायलाच आले होते. तू तक्त्यावर चांदणी चिकटवत होतास.”

दार उघडलं. पोरगी आली ती दोन्ही हात फडफडवत, तुटक्या दातानं हसत.

“बाबा, मी झोक्यावर उलटी लटकले.”

बाबाचं बोट सवयीनं दटावायला वर गेलं आणि तिथंच थांबलं.

मास्तरीणबाईंनी हाताची घडी सोडली.