स्पेशल रूमीचा मान

मी गडमुडशिंगीचा. बा मजुरी करायचा, मी धाव्वी झाली की शिरोलीच्या फौंड्रीत साचं भरायला लागलो आणि भरत भरत सुपरवायझर झालो, उगंच न्हाय सांगत, माज्या हातचा साचा कधी मोडून टाकावा लागला न्हाय. माणूस मी पक्का, कागद वाचल्याबिगर सही करत न्हाय असं चारचौघांत छाती काढून सांगायचो. आणि एकदा तिथंच शेण खाल्लं की.

प्रायव्हेट विमा कंपन्या नव्या नव्या आल्या तवा मी लाखाची पॉलिसी काढली, मी, मालकीण सुशीला आणि धाकटी रेखा, तिघांची. थोरलीचं लगीन झालतं, इचलकरंजीत दिली. हप्ता दरसाल भरला, एकदा चुकवला न्हाय. मग सुशीलाच्या पित्ताच्या पिशवीत खडे निघालं. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा, घाई न्हाय, पण टाळू बी नका.

दवाखान्यात काउंटरवरच्या बाईनं इचारलं, रूम कसली देऊ, तुमच्या पॉलिसीत दिवसाला हजाराची बसती. आता आमच्याकडची रीत काय सांगू तुमास्नी, माणूस दवाखान्यात पडलं की टेम्पो भरून बघायला येत्यात, शहाळी काय, बिस्किटाचं पुडं काय. त्यात थोरलीच्या सासरची माणसं येणार, ती चार खाटांच्या खोलीत बसवायची व्हय? माजा काय मान हाय का न्हाय? मी म्हटलं दोन हजाराची स्पेशल द्या, सोफ्याची, वरचं हजार मी भरतो. बाई बिचारी म्हणाली, काका, आधी विम्याच्या टेबलावर इचारून या. मी म्हटलं, बाई, मला शिकवू नका. चार दिवसाचं चार हजार, झालं की.

ऑपरेशन झ्याक झालं. चवथ्या दिवशी सुशीला पिशवी भरून पलंगावर बसली आणि मी बिल घ्यायला गेलतो. सेहेचाळीस हजार. त्यातलं एकोणीस हजार तुमचं, असं विम्याच्या टेबलावरचा पोरगा म्हणाला. मी आवाज चढवला, सगळा दवाखाना गोळा केला. पोरगा शांत हुता. म्हणाला, काका, हजाराची रूम बसत हुती, तुमी दुप्पट घेतली, मग डॉक्टरची फी, भुलीचं, थेटरचं, सगळं रूमीच्या दर्जानं वाढतंय, म्हणून कंपनी ते बी निम्मंच देती. औषधं तेवढी पुरी दिल्यात. पुस्तिकेचं पान काढून दावलं. खरंच लिवलं हुतं. मी पैली दोन पानं वाचलेली, हे सातव्या पानावर.

घरात अठरा हजार हुतं. रेखाचा दीड वर्षाच्या नर्सिंगच्या कोर्सला नंबर लागलता, त्याची फी, आठ दिवसांत भरायची हुती. खिशातल्या चार हजारात त्यातलं पंधरा घालून हितं भरलं. कुणाकडं हात पसरायचा माजा सभाव न्हाय. रेखा म्हणाली, बाबा, फुडल्या वर्षी जाईन, आई घरी आली बास झालं. मी म्हटलं व्हय, आणि माघारी हागणदारीच्या वाटंला जाऊन रडलो. मानापायी पोरीचं वरीस घालवलं मी, दुसऱ्या कुणी न्हाय.

आणि ज्यांच्यासाठी हे केलं ते व्याही कवा आले? आमी बाहेर पडताना. यंत्रमागाची पाळी सुटल्यावर डबा घेऊन तसंच आलते, अंगावर सुताचा भुगा. जयभीम घातला आणि म्हणाले, पावणं, आमी काय खोली बघायला आलो व्हय? जिन्यावर बसलो असतो की.

तवापासनं मी त्यो कागद पाठ केला. आता गावात कुणाचं ऑपरेशन ठरलं की आधी माज्याकडं येत्यात. मी सांगतो, पैलं रूम केवढ्याची बसती ते बघा, मग खर्चाचा अंदाज लिवून घ्या, हातमोजं, कापूस, फायलीचं पैसे विमा देत न्हाय तेवढं खिशात ठेवा. दाखल व्हायच्या आधी मंजुरी आणा. आणि काउंटरवरच्या बाईचं ऐका, ती तुमची वैरीण न्हाय.

रेखा दुसऱ्या वर्षी गेली, पास झाली, त्याच दवाखान्यात लागली. यंदा माजं हर्नियाचं ऑपरेशन झालं. हजाराची रूम, चार खाटांची. बिलातलं सहाशे चाळीस रुपये माजं, आधी सांगितलेलं तेवढंच. टेम्पो भरून माणसं आली, व्याही आले, कोण जिन्यावर, कोण खिडकीत. तेवढ्यात रेखा पांढऱ्या कपड्यात आत आली, सगळ्यास्नी म्हणाली, गलका नको, पेशंटला झोपू द्या. आणि काय सांगू, ती सगळी माणसं, माजे व्याही सुदिक, गपचिप उठून बाहेर गेली की.