दोनदा ओढून

एक्स-रेच्या खोलीबाहेर, सुजलेलं मनगट धरून बसलेल्या शिवणकामवाल्या काकूंचे कान केव्हाचेच शेजारच्या जोडप्याकडे लागले होते. कडा चढताना पडलेल्या नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये होता.

"खाली दोर कोणी धरला होता?"

"नवा जोडीदार आहे. चांगला धरतो."

"दिसतंय की!"

"अगं, त्यानंच वाचवलं."

"भीती नाही वाटत तुला?"

"वाटते. म्हणून तर जातो. वर भीती वाटली की ऑफिस, आईचं दुखणं, डोक्यातली सगळी कटकट गप्प बसते. आपण दोघं जायचो तेव्हाचं विसरलीस?"

"लेक झाल्यापासून मला घरी बसूनच भीती वाटते. गप्प मात्र काही बसत नाही."

"चिडू नकोस ना."

"चढायच्या आधी तो तुझ्या कमरेची दोराची गाठ तपासतो?"

"लांबून बघतो. अंगठा दाखवतो."

"नुसता अंगठा?"

"तुझ्यासारखं दोनदा ओढून 'जा' कोण म्हणणार? मी अजूनही पाय उचलण्याआधी थांबतो बघ."

आतून हाक आली. तो कुबड्यांवर उभा राहिला आणि तसाच थांबला. बायकोनं त्याच्या कमरेचा पट्टा धरून दोनदा ओढला.

"जा."

दार लागलं, तरी तिच्या दोन्ही मुठी दोर धरल्यासारख्या मिटलेल्याच होत्या.