भागोजीचा गुडघा आणि पालटाचा दगड

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. आधी एक प्रश्न! जो काम करत नाही, मरतही नाही आणि जागाही सोडत नाही, तो नुसता बसून असतो का हो? ‘बिचारा, असू दे’ म्हणून सोडून द्यायचा त्याला? का तो बसल्या बसल्या, गुपचूप, शेजाऱ्याचं काही करत असतो?

माना डोलवू नका! उत्तर तुम्हाला ठाऊक नाही. भागोजी झोऱ्याला ठाऊक होतं — आणि ठाऊक असून तो गप्प राहिला. म्हणून तर ही गोष्ट सांगायची!

ऐका. सुळजाईचा हा डोंगर, ज्याच्या पायथ्याशी आपण बसलोय. बाराशे पायऱ्या. ज्यांना चढवत नाही ते डोलीत बसतात. डोली म्हणजे काय? एक खुर्ची, तिच्यावरून गेलेला जाड बांबू, आणि बांबूच्या दोन टोकांना दोन माणसं. एक वरच्या पायरीवर, एक खालच्या. आता सांगा, भार कुणावर? दोघांवर सारखा? खुळे आहात! भार खालच्यावर! शंका असेल त्यानं घरचं कपाट जिन्यावरून न्यावं आणि खालचं टोक स्वतः धरावं. बायको वरून नुसतं ‘सावकाश, सावकाश’ म्हणते की नाही बघा!

म्हणून डोलीवाल्यांच्या वाडवडलांनी निम्म्या वाटेवर एक दगड ठरवला. पालटाचा दगड. तिथं डोली टेकायची, दगडाला हात लावायचा, आणि टोकं बदलायची. वरचा खाली, खालचा वर. चढताना पालट, उतरतानाही पालट. हा नियम देवस्थानच्या कमिटीनं नाही घातला. कमिटीनं पावतीपुस्तक घातलं! नियम घातला तो घाम गाळणाऱ्यांनी.

आणिक एक नियम होता त्यांचा. डोली खांद्यावर असताना दुखण्याचं नाव काढायचं नाही. बसलेल्या माणसाच्या जिवात धसका भरतो म्हणून. चांगला नियम. पण चांगल्या नियमाआड माणूस काय काय लपवतो, ते पुढं ऐका.

भागोजीचं वय चौपन्न. जोडीला त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, जानू कोकरे. अडतीस वर्षांचा गडी. पायरीवर पाय ठेवला की पायरीनं दबावं, असा! भागोजीनंच त्याला हाताला धरून हे काम शिकवलं होतं.

एके दिवशी सकाळी भागोजी उठायला गेला आणि उजवा गुडघा उठेना. सूज. आत वाळू भरल्यासारखी करकर. दोन महिने तेल चोळलं. मग ‘बी-बियाणं बघून येतो’ अशी घरात थाप मारून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, उजेडाला धरला.

“काका, दोन हाडांच्या मधे कूर्चेची गादी असते. गुळगुळीत. तिच्यात बारीक बारीक जीव असतात, पेशी म्हणतात त्यांना. ही गादी राखायचं काम त्यांचं. वयानं, मारानं, ओझ्यानं त्यातल्या काही म्हाताऱ्या होतात.”

“म्हातारं झालं की मरतंय की बाई.”

“इथंच तर गोम आहे! या मरत नाहीत. काम सोडतात, वाढायच्या थांबतात, पण जागा सोडत नाहीत. आणि बसून आपल्या अंगातून एक रस सोडत राहतात. त्या रसानं गादी कुरतडली जाते. सूज येते. आणि शेजारच्या चांगल्या, तरण्या पेशी असतात ना, त्यांनाही तो रस म्हातारं करतो.”

भागोजीच्या पाठीतून मुंगी चालत गेली. “शेजारच्याला?”

“हो. एकीच्या दोन, दोघींच्या चार. तरुणपणी शरीर असल्या पेशी झाडून काढतं. वय झालं की तो झाडूही थकतो. गुडघा झिजायची कारणं आणखीही आहेत, पण हे एक मोठं.”

“मग त्यांना हाकला की! काही सुई, गोळी?”

“उंदरांच्या गुडघ्यांत जमलंय म्हणे. माणसांत करून बघितलं, अजून धड यश नाही. कुणी बाटली विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. मांडीला ताकद येईल असा व्यायाम करा. आणि काका, ओझं बंद.”

ओझं बंद! मंडळी, डोलीवाल्याला ओझं बंद म्हणजे काय, कळतं का तुम्हाला? डोली उचलायच्या परवान्याचा, दंडावरचा पितळी बिल्ला गेला! कमिटीचा चेअरमन दर जत्रेआधी खुर्चीत बसून सगळ्यांना पुढून चालवून बघायचा. जो लंगडला त्याचा बिल्ला काढून घ्यायचा. तीस वर्षं देवीच्या रस्त्यावर माणसं उचलली, त्याची एवढीच किंमत! स्वतः चेअरमनला खुर्चीतून उठताना दोन माणसं लागायची. त्याचा बिल्ला कुणी काढला नाही!

भागोजी घाबरला. भ्यालेला माणूस वाईट नसतो हो. भ्यालेला माणूस हुशार होतो, आणि तेच वाईट!

दुसऱ्या दिवशी चढताना भागोजी वर, जानू खाली. पालटाचा दगड आला. जानू थांबला. भागोजी म्हणाला, “चल रं, चाल बघ कशी लयीत लागलीय. कशाला मोडायची?”

जानू दगडाकडं बघत तसाच चालू लागला. उतरतानाही तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आठ महिने! आठ महिने भागोजी वरच्या टोकाला आणि जानू खालच्या. दगडाला कुणाचा हात लागला नाही.

एका दुपारी जानू बहिणीकडं जेवायला आला. त्याचं जेवण आधी झालं. उठताना त्यानं एक हात जमिनीला टेकला, दुसरा मांडीवर दाबला, आणि दात आवळून हळूच वर आला. भागोजीची बायको सगुणा हसली. “आगं बया! दाजीचं बघून शिकलास व्हय रं उठायला?”

जानूही हसला. भागोजीनं हातातला घास ताटात ठेवला. ‘शेजारच्याला.’ दवाखान्यातला तो शब्द कानात वळवळला.

बोलला का तो? नाही बोलला! तुम्ही बोलला असता? खरं सांगा!

आणि मग तो दिवस. डोलीत इंदुमतीबाई, निवृत्त शिक्षिका. फार गोड बाई. “माझे गुडघे गेले म्हणून तुमच्या गुडघ्यांवर आले हो,” असं वर जाताना म्हणाली होती. आता खाली निघालेली. जानू पुढं, म्हणजे खालच्या टोकाला. भागोजी मागं, वरच्या. बाई शाळेतल्यासारख्या पायऱ्या मोजत होती. पालटाचा दगड आला. जानू थांबला नाही, फक्त मंदावला.

“चल, चल,” भागोजी म्हणाला.

दगडाच्या खाली वीस-पंचवीस पायऱ्यांवर ती जागा आहे. उतरताना डाव्या हाताला कठडा नाही. कडा तुटलाय, खाली झाडांचे नुसते शेंडे दिसतात.

तिथं भागोजीच्या खांद्यात थरथर आली. बांबूतून आली! बारीक. आधी वाटलं, आपलाच गुडघा. त्यानं पाय दाबून बघितला, आपला तर घट्ट होता. मग कुणाची? ती थरथर त्याच्या ओळखीची होती. रोज सकाळी चुलीपुढं उठताना येते, तीच. पण ती आता खालच्या टोकाकडून येत होती!

कट्! जानूचा गुडघा वाकला. खुर्ची डावीकडं झोकांडली. बाईचं मोजणं थांबलं. तिच्या पायातली चप्पल सुटली... गेली... आणि मंडळी, ती पडल्याचा आवाजच आला नाही.

खालून कमिटीचा कारकून वर येत होता. बघत होता. भागोजीचं तोंड शिवल्यासारखं. नियम! बिल्ला! आणि समोर जानूची मान — शिरा फुगलेल्या, पण तोंडातून हुं की चूं नाही!

“जानू!” भागोजी ओरडला, डोंगरभर ऐकू गेलं. “ठेव! माझा गुडघा गेलाय! आठ महिनं झालं, मी तुझ्यावर घालतोय! ठेव खाली!”

आणि त्यानं आपला सडका गुडघा पायरीवर आपटला. त्यावर टेकून अख्खा बांबू उजवीकडं, डोंगराच्या अंगाला ओढला. खुर्ची भिंतीला घासत बसली. बाई वाचली.

दोघं पायरीवर. धापा टाकत. मग जानू म्हणाला, “मला ठावं हुतं, दाजी.”

“कधीपासनं?”

“पयल्या दिशी. दगड वलांडला तवाच.”

“मग बोलला का न्हाईस रं?”

“डोली खांद्यावर हुती.”

“आन् उतरल्यावर?”

“उतरल्यावर ताईचं घर हुतं. तुमच्या बिल्ल्यावर चालणारं.”

भागोजीनं बिल्ला तिथंच कारकुनाच्या हातात दिला. जानूला घेऊन डॉक्टरीणबाईंपुढं उभा राहिला. बाईंनी त्याच्या गुडघ्याचा फोटो काढून बघितला. “वय अडतीस? गुडघा तर पन्नाशीचा दिसतोय.”

“बाई,” भागोजी पुढं झाला, “माझा रस लागला का त्याला?”

“नाही हो काका. एकाच्या गुडघ्यातला रस दुसऱ्याच्या गुडघ्यात जात नाही. गेलं ते ओझं. नको तेवढ्या ओझ्यानं त्याच्या पेशी अवेळी म्हाताऱ्या झाल्या असतील. व्यायामानं दुखणं हलकं होईल.”

“आन् झिजलेली गादी?”

बाईंनी फोटो पाकिटात घातला.

तर मंडळी, प्रश्नाकडं या. पेशीला तर अक्कल नाही. भीती नाही, बिल्ला नाही. ती जागा धरून बसते, शेजाऱ्याला खाते, तिला कोण काय बोलणार? पण तुम्ही? पहिल्या रांगेतले, उपरणं सावरू नका! कमिटीत वीस वर्षं खुर्ची धरलेले. घरात सगळा भार एका सुनेवर, एका भावावर टाकून वरून ‘सावकाश, सावकाश’ म्हणणारे. तुमचा खालचा गडी बोलत नाही, म्हणून तुम्हाला वाटतं त्याला दुखत नाही? अहो, त्याच्या खांद्यावर डोली आहे!

उद्या सकाळी तुम्ही चढणार. निम्मे डोलीत बसणार. निम्म्या वाटेवर तो दगड लागेल. डोलीवाला थांबला नाही, तर तुम्ही थांबवा. खाली उतरा. म्हणा, ‘पालटा!’ आणि घरी गेल्यावर आपल्या बांबूचं टोक बघा, वरचं का खालचं. थरथर खांद्यापर्यंत यायची वाट बघू नका.

देवीच्या पायरीशी माझा शब्द ठेवला. टाळ उचला आता. आणि चढताना त्या जागेवर डोंगराच्या अंगानं चाला. कठडा कमिटीनं अजून बांधलेला नाही!