माजाचं इंजेक्शन

शेवगावच्या जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेळीचा नंबर यायचा होता. पुढं जनावर अडकवायच्या खोड्यात मनकर्णाबाईंची गाय उभी होती. मेडिकलमधून आणलेली इंजेक्शनची बाटली त्यांच्या सुनेच्या हातात होती.

"डॉक्टर, ह्या औषधानं दूध बिघडंल का?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"नाही मावशी. रक्ताबरोबर फुप्फुसांतून एकदा फिरलं, की बहुतेक सगळं तिथंच मोडून जातं."

"मंग काम कवा करनार ते?"

"तेवढ्यात उरकतं. तीन-चार दिवसांत गाय माजावर येईल. गाभण असती तर मात्र गर्भ पडला असता, म्हणून आधी तपासली."

"लई कडक हाय म्हना की!"

"तर! कातडीतूनसुद्धा अंगात शिरतं. दमेकऱ्यांनी आणि गरोदर बायांनी ह्याला हात लावू नये."

"आत्या, ही बाटली धरा बरं," सून मनकर्णाबाईंना म्हणाली.

"अगं, मला दमा हाय न्हवं! तूच धर."

"मी न्हाई धरनार."

"का गं? तुला कुठं दमा हाय?"

"दमा न्हाई, आत्या."

"मंग काय झा… अगं बया! डॉक्टर, गाय थांबंल. ती बाटली घ्या तिच्या हातातली, आन आधी माझ्या सुनेला खुर्ची द्या!"