उजवीकडून उघडणारं सागवानी पुस्तक

तुम्ही उद्घाटनाच्या गोष्टी सांगून राह्यले, तं आमच्या जळगाव जामोदची ऐका. महाराष्ट्र नवाच झाला होता अन् गावोगावी विद्येचा पूर आला होता. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष आबासाहेब, म्हणजे मोठे विद्वान. सहीच्या पलीकडे त्यायनं कधी काही लिहिलं नाही. वाचनालयाची नवी इमारत झाली तसे म्हणे, "दारात लाकडाचं कोरीव पुस्तक पाहिजे!"

काम देल्लं रहीमचाचा सुताराले. चाचानं सातपुड्याचं सागवान घेतलं, महिनाभर पटाशी चालवली, कडेनं वेलबुट्टी अन् वर वाचनालयाचं नाव कोरलं, काचकागद घासला, पॉलिश मारलं, अन् उद्घाटनाच्या सकाळी आणून ठेवलं. आरशावानी चमकून राह्यलं होतं!

मी सेक्रेटरी. म्हटलं, "चाचा, पुस्तकाची बांधणीची पाठ उजव्या हाताले काऊन?"

"काऊन म्हणजे? माह्या घरच्या साऱ्या किताबा अशाच हायेत." उर्दू शाळेत शिकलेला माणूस, उर्दू पुस्तक उजवीकडूनच सुरू होते, त्याचं काय चुकलं?

आबासाहेब मात्र पेटले. "पाहुणे आता येतीन! मराठी पुस्तक उजवीकडून कोण उघडते बे, रहीम?"

चाचानं पॉलिशच्या फडक्याची शांतपणे घडी केली.

"आबासाहेब, तुमच्या वाचनालयाचं कपाट मागच्या महिन्यात मीच दुरुस्त केलं. त्यातली पुस्तकं आजवर फक्त वाळवीनं उघडली. तिले डावं-उजवं सारखंच. अन् हे तं सागवान हाय, याले वाळवीही तोंड लावत नाही."